‘पांढऱ्या बोकडा’तली आग

डेव्हनच्या उघड्या माळावर ‘पांढरा बोकड’ हा आमचा पब आहे. त्याची मालकीण थर्झा एंडाकॉट. पबची आग दीडशे वर्षांत विझलेली नाही, हे वाक्य ती गिऱ्हाइकाला बिअरच्या आधी देई. त्या आगीपायी तिने सख्ख्या बहिणीचं लग्न चुकवलं. निजताना निखाऱ्यांवर राख पांघरायची, पहाटे राख सारून पीटची, म्हणजे माळावरच्या जळाऊ मातीची, नवी ढेप ठेवायची. एकतीस वर्षं.

इतिहास मंडळाची माणसं आग पाहायला येणार होती, नेमकी त्याच सकाळी थर्झा तापाने उशिरा उठली. राखेत बोट घातलं. गार.

काडी ओढली असती तर कुणाला कळलं असतं?

“मला,” ती नंतर म्हणाली.

शाल गुंडाळून ती समोरच्या डॅमरिस लस्कमच्या दारात गेली. डॅमरिस चॅपलवाली, दारूला पाप मानणारी; पबच्या सावलीतूनही चालत नसे.

“अकरा वर्षांमागे मोठा बर्फ पडला तेव्हा तुझा नवरा माझ्याकडून खोरंभर निखारे घेऊन गेला होता. आठवतंय?”

“तो बिचारा गेला. आता निखारे परत मागायला आलीस?”

“हो. त्यानंतर तुझी चूल कधी विझली?”

“आळशी बायांच्या चुली विझतात.”

डॅमरिसने थर्झाच्या राखाडलेल्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चुलीकडे. तिच्यावर चॅपलच्या चहाची किटली उकळत होती.

“म्हणजे अकरा वर्षं आमचे पाद्रीबाबा...”

“पबच्या आगीवरचा चहा पितायत. मी नाही बोलणार कुठे.”

“मीही नाही.”

हा शब्द दोघींनी इतका पाळला की आठवड्यात गावभर झालं.

निखारे मात्र डॅमरिसने तिच्या हाती दिले नाहीत. “तू वाटेत विझवशील.” बादली स्वतः उचलून तिने रस्ता ओलांडला, जन्मात पहिल्यांदा पबचा उंबराही ओलांडला, आणि ढेप धरेपर्यंत फुंकत बसली.

दुपारी मंडळाला थर्झाने नेहमीचं वाक्य ऐकवलं. दीडशे वर्षं, एक दिवसही खंड नाही. कोपऱ्यातून डॅमरिस खोकली.

हल्ली ती रोज सकाळी येते, राख उकरून बघते, “आहे” म्हणते आणि जाते. पब उघडायच्या वेळेआधीच येते. म्हणजे पबमध्ये गेली असं होत नाही.