खराडे सरांची सरळ रेषा

ज्या प्रयोगशाळेत कुणी प्रयोग करत नाही तिथे दोनच गोष्टी साठतात. कपाटावर धूळ आणि स्टाफरूममध्ये किस्से! जामखेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. तिथला माझा सगळा साठा एकाच प्रयोगाचा आहे.

प्रयोग अगदी साधा. स्टँडला स्प्रिंग टांगायची, खाली एकेक वजन वाढवायचं आणि ती किती लांबली ते पट्टीवर वाचायचं. जेवढं वजन तेवढी लांबी, म्हणून ग्राफ येतो सरळ रेषेत. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण आमचे विभागप्रमुख होते खराडे सर!

*

नव्या स्प्रिंगा आल्या त्याच दिवशी सरांनी त्या कुलपात घातल्या.

"मुलं हात लावतात हो मॅडम, खराब होतात!"

"मग प्रयोग कशावर करायचा?"

"फळ्यावर!"

आणि खरंच, सरांनी फळ्यावर स्प्रिंग काढली, तिला खडूचीच वजनं लावली. चित्रकला अशी, की मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्ये गांडूळ कशाला टांगलंय?"

*

एकदा संस्थेचे अध्यक्ष प्रयोगशाळा बघायला आले. त्या दिवशी अर्थातच कुलूप उघडलं. मी वजन लावून दाखवलं. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या.

"लगेच लांबली की ही! जरा दणकट माल घ्यायचा ना, खराडे!"

मी सरांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस तोंड उघडेल, विषय समजावून सांगेल!

"हो साहेब," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी न लांबणारी घेऊ."

*

जर्नल तपासताना मला सगळ्या वर्गाची रीडिंगं एकसारखी दिसली. प्रयोगाच्या दिवशी बीडला लग्नाला गेलेल्या पोराचीसुद्धा! मी चिडून सरांकडे गेले.

"मॅडम, स्प्रिंग एकच आहे. रीडिंगं वेगळी कशी येतील?"

*

एकदा सरांना शिकवण्याची उबळ आली. "ताण मर्यादेबाहेर गेला की स्प्रिंग मूळ आकारात परत येत नाही. आता मी ही मर्यादा दाखवतो!" म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी स्प्रिंग ओढली. आणखी ओढली. सोडली, तर हातात नुसती तार!

सर घाम पुसत म्हणाले, "कळली का मर्यादा?"

"व्हय सर. पन कुनाची?"

*

आता अश्विनीचं सांगते. आईबाप सहा महिने ऊसतोडीला, ही आजीजवळ राहून शिकायची. जर्नलमधली रीडिंगं पाठ न करता परीक्षेला आलेली ती बहुधा एकटीच! आता ती संगमनेरला इंजिनिअरिंग करते, तेव्हा निकालाची काळजी नको.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला कुलूप पुन्हा उघडलं आणि तिच्या वाट्याला घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग आली. अशी स्प्रिंग सुरुवातीच्या हलक्या वजनाला दाद देत नाही, जोर वाढला की मगच लांबू लागते. पोरीने जे दिसलं ते लिहिलं. पहिल्या वजनाला शून्य!

खराडे सर कडाडले. "शून्य? बाकीच्यांच्या रेषा बघ कशा सरळ आल्यात! बाहेरच्या परीक्षकांसमोर कॉलेजची अब्रू घालवतेस? नापास व्हायचंय का?"

पोरीचा चेहरा उतरला. मी पुढे झाले, तर सरांनी हातानेच थांबवलं. परीक्षक समोर चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला.

अश्विनी वजन सरांपुढे धरून म्हणाली, "सर, तुमीच लावून बगा की."

सरांनी वजन लावलं. स्प्रिंग हलली नाही. टिचकी मारली. हलली नाही. डोळे बारीक करून पट्टी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. शून्य म्हणजे शून्य!

"स्प्रिंग चुकतीये," सर म्हणाले. "तू जर्नलमधलं लिही."

अश्विनीने एकदा स्प्रिंगकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"मंग सर, मार्क स्प्रिंगचे कापा!"