हेटीची निळी नोटीस

टपाल वाटण्यात हयात घालवलेल्या हेटी सग्डनला साठी उलटल्यावर पब काढायची हुक्की आली. यॉर्कशायरमधल्या थॉर्नबेक गावातला शेवटचा पब बंद पडला आणि माणसं आपापल्या घरी टीव्हीपुढे एकेकटी बिअर पिऊ लागली, ते तिला बघवेना. चौकातलं बंद पडलेलं खाटकाचं दुकान मालकाने महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. तोवर परवाना आला नाही, तर तिथे न्हाव्याचं दुकान येणार होतं.

परवाना मिळवायचा म्हणजे का गंमत आहे? दारूविक्रीची परीक्षा हेटी नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून पास झाली. दुकानाचा नकाशा काढून घेतला, पोलिसांना आणि अग्निशमनवाल्यांना कळवलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली. उरलं ते सगळ्यात सोपं: अर्जाची निळी नोटीस चार आठवडे दुकानाबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशी, सतत लावून ठेवायची. पण यॉर्कशायरची बाई ती. आभाळ भरून आलं की वाळत घातलेले कपडे आधी आत. त्याच सवयीने ती नोटीसही आत न्यायची आणि ऊन पडलं की पुन्हा लावायची. आणि तिथल्या आभाळाला भरून यायला निमित्त लागत नाही.

हरकत एकट्याचीच आली, दुकानाशेजारच्या विल्फ्रेड ऑग्डेनची. चॅपेलचा, म्हणजे दारू पाप मानणाऱ्या मेथडिस्ट पंथाचा पक्का माणूस, जन्मात दारूला शिवलेला नाही. तोंडावर मात्र चकार शब्द नाही. सकाळी त्याने हेटीला परसातल्या रुबार्बची आंबट देठं आणून दिली आणि दुपारी कौन्सिलकडे तक्रार धाडली. या गावात भांडण असंच करतात. हेटीनेही रुबार्बचा केक करून अर्धा त्याला पोचवला.

कौन्सिलच्या सुनावणीत अध्यक्षबाईंनी विचारलं, नोटीस सतत बाहेर होती ना? हेटीला खोटं बोलता येईना. पाऊस आला की आत न्यायचे, तिने सांगून टाकलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. लोकांपर्यंत नोटीस पोचलीच नसेल, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, त्या म्हणाल्या. हेटी महिनाअखेरपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.

तेवढ्यात मागून विल्फ्रेड उठला. "नोटीस होती की. ही बया ती सारखी आत न्यायची, मग लोक हरकत घेणार कशी? म्हणून मी तिची नक्कल काढली, प्लास्टिकमध्ये घातली आणि आमच्या सामाईक भिंतीवर, बसथांब्याच्या बाजूला ठोकली. चारही आठवडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावली."

"मग लोक काय म्हणाले?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

विल्फ्रेड आपल्या बुटांकडे बघत राहिला. "म्हणाले, उघडतोय कधी?"

अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. गावाला कळलंय, कायद्याला तेवढंच हवं, असं म्हणून त्यांनी परवाना दिला. विल्फ्रेडच्या समाधानासाठी एक अट घातली: मागच्या अंगणाचं दार रात्री नऊला बंद.

पब उघडला त्या दिवशी खाटकाच्या जुन्या संगमरवरी ओट्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. विल्फ्रेड आला तो परवाना दर्शनी भागात लावलाय की नाही हे तपासायला. त्याने तो दोनदा वाचला, वाकडा होता तो सरळ केला.

"बस रे विल्फ्रेड," हेटी म्हणाली. "जिंजर बिअर आहे. दारूचा थेंब नाही त्यात."

"पाचच मिनिटं हं."

रात्रीचे नऊ वाजले तेव्हा, तिकडच्या उन्हाळ्यात असतो तसा, बाहेर अजून लख्ख उजेड होता. विल्फ्रेड उठला, त्याने स्वतः मागचं दार लावलं, कडी घातली, आणि परत येऊन आपल्या स्टुलावर बसला.