खणातली सुतळी

अप्पा डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीहून तासगावला परतणाऱ्या एसटीत होतो. कंडक्टरने तिकीट दोनदा मागितलं म्हणे... पुढे शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना धन्वंतरी केलं, दुसऱ्याने त्यांच्या चाकूला वंदन केलं. अप्पा असते तर मागच्या खुर्चीवरून उठून चहाला गेले असते. सर्जन असूनही साप चावलेल्या माणसाला चाकू लावायची त्यांना घाई नसे. "घोणस चावली की रगत गोठायचं थांबतंय. तिथं कापायचं म्हंजे फुटक्या घागरीला आणिक भोक पाडायचं," म्हणत. आधी प्रतिविष. मग काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं बघायचं, गोठतंय का. सूज जिथवर चढली तिथे बॉलपेनने रेघ आणि वेळ. मेलेलं मांस साफ करणं, मांडीची कातडी लावणं, हे सगळं नंतर. आणि त्यातलंही बरंच काम सापाने नव्हे, गाठीने लावलेलं असे, याचा त्यांना संताप होता. द्राक्षबागेत वेल बांधायची सुतळी प्रत्येकाच्या कमरेला. साप चावला की तीच दंडाला करकचून.

"बांधू नका, हात हलवू नका, गाडी काढा," हे सांगायला ते दरवर्षी आमच्या शाळेत येत. मुख्याध्यापक म्हणून मीच त्यांना नारळ देत असे.

माझ्या निवृत्तीनंतर एका दुपारी बागेत पाला गोळा करताना धाकट्या भावाला, तानाजीला, बोटाला घोणस चावली. मीच त्याच्या उजव्या दंडाला सुतळी बांधली. "दादा, लय आवळलंय," तो म्हणत होता. मी म्हणालो, "गप, इष वर चढंल."

दवाखान्यात अप्पांनी आधी प्रतिविष चालू केलं, मगच हळूहळू गाठ सोडवली. एकदम सोडली तर साठलेलं विष एका दमात अंगभर धावतं.

"मास्तर, माझ्या भाषणात झोपत हुता व्हय?"

"नाही हो. पाठ होतं."

"मग हातांना कुणी सांगायचं?"

तानाजी वाचला, दोन बोटं गेली.  तो तीन बोटांनी भाकरी मोडतो, तेव्हा मी ताटात बघतो.

परवा अप्पांच्या पत्नीने, वहिनींनी, त्यांच्या टेबलाचा खण आवरायला बोलावलं. आत रुग्णांच्या अंगावरून काढलेली बंधनं होती. परकराची नाडी, बुटाची लेस, ठिबक सिंचनाची नळी... प्रत्येकाला चिठ्ठी, नाव कुणाचंच नाही. एकीवर होतं : 'सुतळी. उजवा दंड. दीड तास. शिकलेला माणूस.'

तेवढ्यात शोकसभेवाले आले, दवाखान्यात लावायला काहीतरी आठवण मागायला. मी खण पुढे केला.

त्यांनी अप्पांचा फोटो नेला.