नसीमची आडवी रेघ

नसीमच्या मुलीचा, सनाचा फोन आला तेव्हा मी जुनं रजिस्टर समोर उघडं टाकून पालक निवडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच बोलली पोरगी. मी हात पुसले, रजिस्टर मिटलं, परत उघडलं... आता पाच आठवडे होतील, पण एका जागी बूड टेकत नाही माझं. उठते, ओटा पुसते, पुन्हा येऊन बसते. का, ते सांगायचं तर आधी नसीम सांगायला हवी.

आम्ही एकाच संशोधन संस्थेत होतो. मी वरच्या मजल्यावर, संशोधकांकडे. शाळा सातवीत सुटलेली, पण यंत्राने कागदावर काढलेली नागमोडी रेघ वाचायला बघून बघून शिकले. सूर्यावर उलथापालथ झाली की धक्का इथवर येतो, होकायंत्राची सुई थरथरते, रेडिओचे संदेश तुटतात. ती थरथर किती, ते दर तीन तासांसाठी एका आकड्यात लिहायचं. शून्य म्हणजे शांत, नऊ म्हणजे थैमान. नसीम खालच्या मजल्यावर, अंदाज देणाऱ्यांत. आमचे आकडे बघून उद्याचा अंदाज रेडिओवाल्यांना कळवणं हे त्या खोलीचं काम. मध्ये एक जिना. पण वरचे खाली जात नसत आणि खालचे वर येत नसत.

एका दुपारी मात्र ती आली, रजिस्टर छातीशी धरून. जेवणाची सुट्टी होती, खोलीत मी एकटीच.

"सुमनताई, हे शून्य कुणी लिहिलं?"

"मी. वीज गेली होती, यंत्र बंद होतं."

"यंत्राची गेली. सूर्याची पण गेली होती का?"

असा राग आला मला! अहो, रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून मी शून्य भरत असे. आमच्या साहेबांना ते ठाऊक होतं, ते तेवढा भाग सोडून वाचत. खालच्यांना कोण सांगणार? त्यांनी शून्य पाहिलं, 'सगळं शांत' म्हणून कळवलं, आणि वर आभाळात चाललं होतं वादळ. रेडिओवाल्यांचे संदेश सकाळभर तुटत राहिले. त्याची बोलणी नसीमने खाल्ली. माझं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही, नंतरही नाही.

पण तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं... दोन्ही मजल्यांनी आकडे एकाच रीतीने लिहायचे. आकड्याशेजारी कोणतं यंत्र, कोणत्या घड्याळाची वेळ, आकडा कच्चा की तपासलेला. आणि जिथे पाहिलंच नाही तिथे शून्य नाही, आडवी रेघ. साहेब हसायचे. "नसीमबाई, आम्हाला कळतं हो."

"तुम्हाला कळतं सर. रजिस्टरला कळत नाही."

"सहा महिन्यांत पक्के आकडे देतो की तुम्हाला."

"चालेल. तोवर वादळाला थांबायला सांगा. नाहीतर कच्चा असं लिहून आजच द्या."

कित्येक वर्षं जिना चढून-उतरून तिने हे गळी उतरवलं. मग मी लिहायचं, तिने तपासून सही करायची. विश्रांतवाडीच्या घरी तर तिने स्वयंपाकघरात जगाच्या सामाईक वेळेचं घड्याळ लावलं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यापायी नवऱ्याची दोनदा गाडी चुकली. "अहो, ते तुमच्यासाठी नाही, सूर्यासाठी आहे!" ही वर त्यांनाच ऐकवते.

आम्ही निवृत्त झालो. आता संस्थेतली नवी माणसं जुनी रजिस्टरं या सामाईक रीतीत आणायला बसली. त्यातली खरी शून्यं कुठली आणि वीज गेल्याची कुठली, हे जगात फक्त मला ठाऊक. खोटं शून्य मी किंचित लहान काढत असे... मन खात असणार. नसीमने एकेका रजिस्टरच्या झेरॉक्स बांधून माझ्याकडे पोचवल्या. "तू आहेस तोवर होऊ दे."

आणि मी चालढकल केली. लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, पालक. खरं म्हणजे प्रत्येक रेघ ही एकेक कबुली, आणि मला ती द्यायची नव्हती. शेवटचं भेटले तेव्हा ती पडूनच होती. "किती झाली?" तिने विचारलं.

"होत आली," म्हटलं मी. पहिलं पानही झालं नव्हतं.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "हा खरा आकडा, की तुझं शून्य?"

मी चहा करायला उठले. उठायला नको होतं.

पंधरा दिवसांपूर्वी सनाने ते घड्याळ मला आणून दिलं. दुपारचे दोन वाजले की ते साडेआठ दाखवतं, आणि मी त्याच्याखाली बसते. लहान शून्यावर रेघ. मोठं राहू दे. काही अशी आहेत की लहान की मोठी, माझं मलाच उमगत नाही. तिथेही रेघच ओढते. 'आठवत नाही' हे लिहायला मला सत्तरी गाठावी लागली.

काल पहिलं रजिस्टर संपलं. शेवटच्या पानाच्या तळाशी आमच्या सवयीने दोन जागा आखल्या; डावीकडे 'लिहिणार', तिथे मी सही केली. उजवीकडे 'तपासणार'. पेन तिथे किती वेळ टेकवून ठेवलं होतं, कुणास ठाऊक, शाईचा ठिपका मोठा झाला. रिकामं सोडवेना, आणि सना म्हणाली तसं नसीमचं नाव लिहून टाकणं हे तर पुन्हा माझं शून्यच झालं असतं.

त्या ठिपक्यापासूनच आडवी रेघ ओढली, आणि दुसरं रजिस्टर उघडलं.