डाव्या कोपऱ्यातली खाच

क्योतोतल्या त्या गल्लीत मारिका डावखुरी म्हणूनच ओळखली जायची. एस्टोनियाहून आलेली, हे नंतर.

लाकडी फळ्यांवरून चित्रं छापणाऱ्या कुरामोची उस्तादांकडे ती शिकायला आली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "आमच्या फळ्या उजव्या हाताच्या. कागद बसवायची खाच उजव्या कोपऱ्यात. हात बदल, नाहीतर गाव बदल."

तिनं हात बदलला. भाजी चिरणं, दात घासणं, जेवायच्या काड्या धरणं, सगळं उजव्यानं. सोबाच्या शेवया मांडीवर सांडायच्या. उस्तादांची बायको फुमिए म्हणायची, "पोरी, जेवतेयस की अंगाला लावतेयस?"

तरी जोर डाव्यातच राहिला. फळीवरच्या कागदाची पाठ घासून रंग उठवायची, बांबूच्या सालीत बांधलेली घासणी उजव्या हातात आली की आकाशाचा निळा रंग फाटायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं कागदांची अख्खी गड्डी नासवली.

"मेपलची पानं लाल होईपर्यंत बघतो," उस्ताद म्हणाले. "मग तिकीट काढ."

मारिका रडली नाही. तिनं चेरीच्या नव्या फळ्या आणल्या. टोफूवाल्याच्या दुकानाचं चित्र काढलं. स्वतःच कोरलं. खाच कोरली डाव्या कोपऱ्यात.

डाव्या हातानं छापलेला कागद तिनं उस्तादांपुढे ठेवला. त्यांनी चित्र पाहिलंच नाही. कागद पालथा केला. छापणाऱ्याच्या हाताचा जोर कागदाच्या पाठीवर दिसतो. बराच वेळ ते पाठच न्याहाळत राहिले. मग तिच्या फळीपुढे बसले. ओलसर कागद उचलून बसवला. वाकडा. पुन्हा बसवला. वाकडाच.

फुमिएला हसू आवरेना. "अहो, जन्मभर काय केलंत मग?"

"गप्प बस. फळी उफराटी आहे."

"मला तुमच्या सगळ्याच उफराट्या होत्या," मारिका म्हणाली.

उस्तादांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे घराण्याच्या जुन्या फळ्या तू कधीच छापणार नाहीस."

त्याच फळ्यांसाठी ती एवढी लांब आली होती.

"नाही छापणार. माझ्या मी कोरीन. पण इथंच बसून."

"कोरणारे कोरतात, छापणारे छापतात. दोन्ही एकटीनं करणारी बाई या गल्लीत कुणी पाहिलीय?"

"आता बघतील."

उस्ताद उठले. तिचं बैठं मेज ओढत खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेलं. आता डाव्या हाताची सावली कागदावर पडणार नव्हती.

"कागद भिजवून ठेव," ते म्हणाले. "आणि टोफूवाल्याचं छप्पर वाकडं कोरलंयस. ते आधी नीट कर."