अकरा किलोमीटरचा बर्फ

आयिनपोकाने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला तेव्हा ती चाळिशीला आली होती, आणि चटका बसल्यासारखा तिने तो टाकून दिला. सीमेपलीकडे घानात, साकोरेच्या बाजारात ही गोष्ट घडली. खडा होता मासेवाल्या पोगसाच्या फ्रीजरमधला. पोगसा पोट धरून हसली.

"उचल गं. कुत्र्याचं मुंडकं बरं पळवता येतं तुम्हाला, आणि एवढंसं पाणी हातात धरवत नाही?"

यात अपमान नव्हता. आयिनपोका ननकाना, पोगसा दगारा; या दोन्ही जमाती एकमेकींच्या थट्टेच्या सोयऱ्या. कधीकाळी दोघींच्या मूळपुरुषांनी, दोन भावांनी, मिळून कुत्रं भाजलं, त्याचं मुंडकं कोणी खाल्लं यावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही आणि मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे. या नात्यात वाटेल ते बोलावं, समोरच्याने रागवू नये. मागितलेलं नाकारू नये. आणि आभार तर मुळीच मानू नयेत, आभार परक्यांचे मानतात.

आयिनपोका राहायची सीमेच्या अलीकडे, बुर्किना फासोतल्या तेलोगोत. तिथल्या दवाखान्यात ती झाडलोट करी, बाळंतिणींचं पाहत असे. दवाखान्यात लसी येत, पण फ्रीज होता रॉकेलवर चालणारा, आणि रॉकेल महिन्यातून दहा दिवस. वीज मिळायची तर आपल्या देशाच्या तारा चाळीस किलोमीटरवर थांबलेल्या, आणि साकोरेत अकरा किलोमीटरवर दिवे लागलेले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी तेलोगोची गत. म्हणून दर तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, आयिनपोका सायकल काढायची. मागे लसीची निळी पेटी. पोगसा ती बर्फाने भरायची, वर भाताचा कोंडा दाबायची आणि दोन टोमणे मारून परत पाठवायची. अशी एकोणीस वर्षं गेली. बर्फाचे पैसे पोगसाने कधी घेतले नाहीत.

त्यातलं सातवं वर्ष वाईट निघालं. सीमेवरच्या ओढ्याला पूर आला आणि आयिनपोका पेटी घेऊन दोन दिवस पलीकडच्या काठावर अडकली. रात्रंदिवस ती पेटीला हात लावून बसली होती. आत बर्फाचं पाणी झालं, ते कोमट झालं, आणि इकडे दवाखान्यातल्या लसी वाया गेल्या. नव्या लसी यायच्या आधी गावात गोवर शिरला. चौदा मुलं गेली. चौदांत तिची नात होती, तीन वर्षांची. पोगसा भेटायला आली. ती शेजारी बसून राहिली. एरवी सोयऱ्याच्या मयतातसुद्धा थट्टा करायचा दगारांचा हक्क असतो, पण त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही. आयिनपोकाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

पुढे बारा वर्षांनी गुडघ्याने दगा दिला. चढावर सायकल ढकलताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. नर्स बाझिए भला माणूस, पण त्याचाही नाइलाज होता.

"आई, तुमचं जाणं थांबलं तर लसी इथे ठेवता येणार नाहीत. जिल्ह्याच्या दवाखान्यात जातील."

"आणि बाया चाळीस किलोमीटर पोरं घेऊन जातील का?"

"नाही जाणार."

"मग माझं जाणं थांबलं असं कोणी सांगितलं तुला?"

तोवर दोन्ही देशांचं ठरलं होतं. घाना वीज देणार, बुर्किना घेणार, सीमेवरच्या गावांना पोचवणार. सह्या झाल्या, झेंडे लागले. पण सरकारी काम, सहा महिने थांब. तिकडून लाकडी खांब आले ते ओढ्याच्या त्या काठापर्यंत. इकडून सिमेंटचे खांब आले ते या काठापर्यंत. मध्ये साठ पावलांचं अंतर, आणि त्यावर तार कोणी ओढायची याचा कागद कुठल्यातरी टेबलावर अकरा महिने पडून राहिला. दर तिसऱ्या दिवशी आयिनपोका त्या साठ पावलांतून सायकल ढकलत जायची आणि दोन्हीकडच्या खांबांना शिव्या घालायची. या बाबतीत ती कुठल्याच देशाचा पक्षपात करत नसे.

एक दिवस परत येताना पाहते, तर ओढ्यावर तारा होत्या. तीन. खाली सीमेचा दगड होता, वर तारा आपल्या सरळ निघून गेल्या होत्या. त्यांना कोणी कागद विचारला नव्हता. घानाचा वायरमन आन्साह खांबाच्या सावलीत भाजलेलं रताळं खात बसला होता.

"ही वीज येते कुठून, बाबा?" तिने विचारलं.

"लांबून, दक्षिणेकडून. तिकडे मोठी नदी अडवलीय. पाणी वरून पडतं, यंत्र फिरवतं."

"नदीला पाणी कुठलं?"

त्याने रताळ्यानेच ओढ्याकडे खूण केली. "हेच की. हा ओढा पुढे नदीला मिळतो. तुमच्याकडूनच उतरतं."

आयिनपोकाने सायकल टेकवली. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. तिने पाण्याकडे पाहिलं, मग वर तारांकडे. याच पाण्याने तिला दोन दिवस अडवलं होतं. तेच पाणी, तिने कधी न पाहिलेल्या मुलखात जाऊन, उंचावरून पडून, तारेतून तिच्या दारात परत येत होतं, आणि आता बर्फ करणार होतं. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं आपल्या पायाखालून वाहत होतं, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. पेटीत बर्फ वितळतोय याचंही भान तिला राहिलं नाही. असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.

दहा दिवसांनी दवाखान्यात नवा फ्रीज घरघरू लागला. लसी आत गेल्यावर तिने वरच्या कप्प्यात एका डब्यात ओढ्याचं पाणी ठेवलं आणि समोर स्टूल टाकून बसली. बाझिए सांगून दमला की दार सारखं उघडू नका. चौथ्यांदा उघडलं तेव्हा पाण्यावर साय धरली होती. तिने बोट लावलं. साय कडक होती. हा बर्फ कोणी आणला नव्हता, कोणी वाहिला नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पहाटे पेटीत कोंडा भरू लागली तेव्हा बाझिए चक्रावला.

"आता कुठे निघालात? बर्फ इथेच आहे की."

"तोच द्यायचाय."

ओळखीच्या वाटेने तिने पहिल्यांदाच भरलेली पेटी पलीकडे नेली. गुडघ्याने जीव काढला. साकोरेत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि कोंड्यात मुठीएवढाच खडा उरला होता. तो तिने पोगसाच्या तळहातावर ठेवला. पोगसाने आधी खड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वीज आमची," पोगसा म्हणाली.

"पाणी आमचं."

गिऱ्हाईक माशाचा भाव विचारत उभं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. खडा मुठीत धरून ती शेवटचा थेंब कोपरावरून ओघळेपर्यंत बसून राहिली, आणि आयिनपोका तिच्या शेजारी. मग ओल्या हातानेच पोगसाने डोळे पुसले.

"रडतेस की काय गं?"

"रडतील माझे शत्रू," पोगसा म्हणाली. "मुंडकंचोरांचा बर्फ आहे. झोंबणारच."