पावतीवर चालू असलेला संगणक

मैत्रिणींनो, सकाळची शाळा सुटल्यावर एसटीने कराडला आले आणि सायबर कॅफेतून हे लिहितेय. मन थाऱ्यावर नाही.

पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेत आज सरकारी संगणक आला. तो शिकवायचं दहा दिवसांचं प्रशिक्षण मीच घेतलंय. पण डोक्यावरून कोयनेच्या तारा जातात आणि शाळेत वीज नाही!

तो घेऊन आलेल्या जीपवाल्याने पावती पुढे केली. त्यावर छापलं होतं, ‘संगणक चालू स्थितीत मिळाला.’

मी म्हटलं, "विजेशिवाय चालू आहे हे कसं कळणार?"

"मग परत नेतो. दुसऱ्या शाळेला देतील."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, करा सही. एकदा गेला की पुन्हा येनार न्हाई."

मी केली.

पोरांनी चपला बाहेर काढून खोक्याला हात लावला. सातवीतल्या सुजाताने विचारलं, "बाई, चालू कवा करायचा वो?"

"वीज आली की."

"मग अर्ज करा की!"

माझ्या सहीने संगणक कागदावर आजच चालू झालाय. आता शाळेत वीज नाही, असा अर्ज मी कुठल्या तोंडाने लिहू?